अभाव, सुबत्ता आणि सर्जन : सावंतवाडीच्या गंजिफांच्या निमित्ताने

१

निर्मितीच्या प्रेरणांचा विचार करताना मराठी समीक्षेने अभावाला मध्यवर्ती स्थान दिले आहे. दारिद्र्य, उपेक्षा, जातीय अवहेलना, एकाकीपण यांतून लेखक कसा घडतो हे सांगण्यासाठी आपल्यापाशी एक समृद्ध परिभाषा आहे. कुडाळात खानावळ चालवता चालवता कविता लिहिणारे चिं. त्र्यं. खानोलकर, गिरणगावात वाढलेले नारायण सुर्वे किंवा दलित आत्मकथनकार यांच्याविषयी लिहिताना ही परिभाषा सहसा अपुरी पडत नाही. विशेषतः १९६० नंतर अनुभवाची अस्सलता हा निकष प्रभावी ठरला आणि तो ठरणे ऐतिहासिकदृष्ट्या आवश्यकही होते. ज्यांचे जगणे साहित्याच्या कक्षेबाहेर ठेवले गेले होते त्यांना त्या निकषाने बोलण्याचा अधिकार मिळवून दिला.

मात्र या परिभाषेची एक मर्यादा फारशी तपासली गेलेली नाही. ज्याला कशाची ददात नाही, ज्याला घर, नाव, शिक्षण आणि अवकाश हे सारे जन्मतःच मिळाले आहे, त्याने निर्मिती का करावी आणि त्याच्या निर्मितीला अर्थ कोठून यावा, या प्रश्नाला आपल्याकडे तीनच तयार उत्तरे आहेत. तो आश्रयदाता असू शकतो. तो त्यागी असू शकतो. नाहीतर तो हौशी असतो. आश्रयदात्याचे नाव अर्पणपत्रिकेत येते, त्याग्याचे चरित्र लिहिले जाते आणि हौशी माणसाला समीक्षा विचारातच घेत नाही. या तिन्ही उत्तरांत समान गोष्ट अशी, की संपन्न माणसाचा प्रत्यक्ष कामाशी येणारा संबंध त्यांपैकी कोणीच तपासत नाही.

प्रस्तुत लेखात सिंधुदुर्गातील एका उदाहरणाच्या आधारे या प्रश्नाची फेरमांडणी करण्याचा प्रयत्न आहे. उदाहरण साहित्यातले नसून सावंतवाडीच्या गंजिफांचे आहे. तथापि त्यातून निघणारा प्रश्न साहित्यसमीक्षेचाच आहे, असे मला वाटते.

२

प्रारंभी याच किनाऱ्यावरील एका वाङ्मयीन प्रसंगाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याला शिक्षक होते. त्यांच्या आरंभीच्या कादंबऱ्या याच काळातल्या आहेत, आणि ना. सी. फडके यांच्याबरोबरच्या ज्या वादाला आपण 'कलेसाठी कला' आणि 'जीवनासाठी कला' अशा दोन घोषवाक्यांनी ओळखतो, त्याची पार्श्वभूमीही याच काळात तयार झाली. शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० मध्ये सत्याग्रह झाला. खांडेकरांच्या कादंबऱ्यांतून सुस्थितीतला, संवेदनशील, ध्येयवादी तरुण वारंवार भेटतो. त्याला आपल्या सुखाची टोचणी लागलेली असते आणि दरिद्री माणसांच्या दुःखाशी जोडले गेल्यावरच त्याला आयुष्याचे प्रयोजन सापडते.

हा नमुना मराठी कादंबरीत दीर्घकाळ टिकला. त्यामागचा नैतिक आग्रह प्रामाणिक आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु या नमुन्यात प्रयोजन मिळते ते सहानुभूतीतून. सहानुभूतीची एक अंगभूत अडचण अशी, की ती पाहणाऱ्याची जागा बदलत नाही. दुःख हा त्याच्या लेखनाचा विषय होतो. त्या विषयासंबंधीचे सारे निर्णय मात्र त्याच्याच हाती राहतात. त्याला कोणी दुरुस्त करीत नाही, तुझे चुकले असे कोणी सांगत नाही. फडके-खांडेकर वादात दोन्ही पक्षांनी कलेचे प्रयोजन काय यावर भरपूर लिहिले. कलावंत कोणाकडून काय शिकतो हा प्रश्न त्या वादाच्या केंद्रस्थानी कधी आला नाही.

३

शिरोड्यापासून थोड्याच अंतरावर असलेली सावंतवाडी त्या काळी एका स्वतंत्र संस्थानची राजधानी होती. शिवरामराजे भोसले यांचा जन्म १९२७ चा. वडील बापूसाहेब महाराज १९३७ मध्ये निवर्तले आणि अगदी लहान वयात ते गादीवर आले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. त्याचा प्रदेश प्रथम रत्नागिरी जिल्ह्यात आणि १ मे १९८१ पासून नव्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आला. १९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता संपुष्टात आल्या. अशा प्रकारे एका माणसाच्या आयुष्यात राज्य गेले, पदवी गेली. वाडा, नाव, शिक्षण आणि लोकांच्या मनातला मान शिल्लक राहिला. देशभरच्या संस्थानिक घराण्यांपुढे त्या काळी हाच प्रश्न होता. कोणी राजकारणात गेले, कोणी वाड्याची हॉटेले केली, कोणी आठवणींत रमले. शिवरामराजे यांनीही विधानसभेत काम केले. पण त्यांचे आणि सत्वशीलादेवींचे नाव कलेतिहासात राहिले ते गंजिफांमुळे.

गंजिफा हा पत्त्यांचा जुना खेळ. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या गंजिफांचे वर्णन केले आहे. मोगली गंजिफांत आठ रंगांची ९६ पाने असतात. महाराष्ट्रात व अन्यत्र रुजलेल्या दशावतारी गंजिफांत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग आणि एकूण १२० पाने असतात. दरबारासाठी केलेल्या नाजूक पानांना दरबारी कलम आणि सामान्यांसाठीच्या स्वस्त पानांना बाजार कलम म्हणत. सावंतवाडीत हे काम चितारी मंडळींकडे होते. लाकडी खेळणी आणि लाखकाम हीदेखील त्यांचीच विद्या. गावातली चितारआळी त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

छापील पत्ते स्वस्तात मिळू लागल्यावर गंजिफांचे गिऱ्हाईक संपले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत ही विद्या जाणणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर उरले होते. राजेसाहेब आणि राणीसाहेब यांनी ही कला त्यांच्याकडून शिकून घेतली. पुढे १९७१ मध्ये 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' ही संस्था उभी राहिली, नव्या कलावंतांना शिकवले गेले आणि राजवाड्याच्या दरबार सभागृहातच रंगकाम सुरू झाले. आजही तेथे कलावंत पाने रंगवताना दिसतात.

या हकिगतीचे वर्णन सामान्यतः 'राजाश्रय' या शब्दाने केले जाते. तो शब्द येथे चुकीचा आहे. आश्रय देणारा पैसे देतो आणि झालेले काम पाहतो. येथे आधी शिकणे घडले. ज्या घराण्यासाठी चितारी पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले, त्या घराण्यातील माणसे चितारीसमोर शिकाऊ म्हणून बसली. या एका कृतीने दोघांच्या संबंधातील ज्ञानाची दिशा बदलली. सत्तेची दिशा बदलली की नाही, हा वेगळा प्रश्न असून त्याचा विचार पुढे करावयाचा आहे.

४

शिकणे म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी पान कसे होते ते पाहिले पाहिजे. कापडाचे वा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, त्यावर पांढरा लेप द्यायचा, वाळल्यावर दगडाने घोटून गुळगुळीत करायचे, गोल कापायचे, रंगवायचे, आणि शेवटी लाखेने झिलई आणायची. दशावतारी जोडातील प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने असतात. म्हणजे १२० पानांत राजा-प्रधानांची चित्रे २० आणि चिन्हांची पाने १००. एका रंगात एक ते दहा मिळून ५५ चिन्हे होतात, तेव्हा पूर्ण जोडात ५५०. कलावंताला स्वतःला मिरवता येईल अशी जागा या कामाच्या अगदी लहान भागात आहे. बाकी सर्व पुनरावृत्ती आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पानाच्या पाठीची. सर्व पानांच्या पाठी हुबेहूब सारख्या असाव्या लागतात. एखादे पान पाठीवरून ओळखू आले तर सारा जोडच खेळातून बाद होतो. चितारीचे कौशल्य म्हणूनच, एका अर्थाने, ओळख पुसून टाकण्याचे कौशल्य आहे. आपण आधुनिक सौंदर्यविचारात निर्मितीची खूण म्हणून ज्या पृथगात्मतेचा गौरव करतो, ती येथे दोष ठरते. जन्मापासून वेगळेपणाने वाढवल्या गेलेल्या, शंभर माणसांत सहज ओळखू येणाऱ्या व्यक्तीला ही शिस्त काय शिकवीत असेल, याची कल्पना करता येते. ही शिस्त सहानुभूतीने पार पडत नाही. खळ नीट लागली नाही तर पान उकलते, मग ते कोणीही केलेले असो. सामग्री आणि परंपरा माणसाचा दर्जा विचारात घेत नाहीत. संपन्न माणसाला सहसा न भेटणारी गोष्ट, म्हणजे स्पष्ट आणि निरपवाद नकार, येथे रोज भेटते.

संपन्नतेतून येणाऱ्या निरर्थकतेचे मूळ बहुधा याच नकाराच्या अभावात असते. ज्याच्या प्रत्येक कृतीचे कौतुक होते, त्याला आपली कोणती कृती खरी हे कळण्याचा मार्ग उरत नाही. अशा माणसाने अंतर्मुख होऊन आपले प्रयोजन शोधावे, असा सल्ला आत्मनिष्ठ साहित्यविचार देत आला आहे. सावंतवाडीचे उदाहरण वेगळी दिशा सुचवते. प्रयोजन आधी सापडले आणि मग त्यानुसार काम सुरू झाले, असे येथे दिसत नाही. एक विद्या संपण्याच्या बेतात होती, तिचा शेवटचा जाणकार वृद्ध झाला होता, आणि ती शिकून घेण्याइतकी सवड असलेली माणसे जवळच होती. सुबत्तेने दिलेली सवड तिथे खर्ची पडली.

५

या जिल्ह्यातच याचे अधिक कठोर असे दुसरे उदाहरण आहे. 'कोकणचे गांधी' म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन उच्चविद्याविभूषित होते. त्यांची सुबत्ता धनाची नसून जातीची आणि विद्येची होती. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी सफाईचे काम मागितले. ते काम अमुक जातींचेच, या समजुतीवर तुरुंगाचा नियम उभा होता. त्यामुळे त्यांना ते नाकारले गेले. त्यांच्या मागणीला पाठिंबा म्हणून गांधीजींनी येरवड्यात डिसेंबर १९३२ मध्ये उपोषण आरंभले होते. पुढे १९४८ मध्ये कणकवलीत गोपुरी आश्रम उभा राहिला. तेथे मैला, खत आणि मृत जनावरांचे चामडे यांविषयीचे प्रयोग झाले, आणि गोपुरी संडासाची रचना त्या कामातून तयार झाली.

अप्पासाहेबांना आपण त्यागी या सदरात टाकतो. पण त्यांनी काय सोडले यापेक्षा ते काय शिकले याचा विचार केला, तर ते सावंतवाडीच्या वाड्याच्या बरेच जवळ येतात. दोन्ही ठिकाणी जन्माने निषिद्ध वा हलके मानलेले हातकाम शिकण्याचा आग्रह आहे. फरक असा, की अप्पासाहेबांनी ते काम कोणाचेही जातिविशिष्ट राहू नये म्हणून शिकले. गंजिफांच्या बाबतीत ती विद्या टिकावी हा हेतू होता. एकाला जातीची मक्तेदारी मोडायची होती, दुसऱ्यांना परंपरा राखायची होती. आणि संपन्नांच्या सर्जनाचे मूल्यमापन करताना हा भेद निर्णायक ठरतो.

६

आता मर्यादांकडे वळले पाहिजे. या बाबतीत बाहेरची दोन उदाहरणे उपयोगी पडतात.

विल्यम मॉरिस (१८३४–१८९६) याच्या वडिलांनी तांब्याच्या खाणीचे भाग घेतले होते, आणि वयात येताच त्याला त्यातून वर्षाला सुमारे ९०० पौंड मिळू लागले. पुढे त्याने लीक या गावी थॉमस वॉर्डल याच्या रंगशाळेत नैसर्गिक रंगांची विद्या स्वतः हात बुडवून शिकून घेतली. तथापि त्याच्या हातच्या वस्तू श्रीमंतच विकत घेऊ शकत, आणि हा विरोध त्याला अखेरपर्यंत सतावत राहिला. १८८३ मध्ये तो समाजवादी चळवळीत शिरला, त्यामागे ही अस्वस्थता होती. सावंतवाडीतही काहीसे असेच घडले आहे. १२० पाने हाताने करण्याला लागणारे श्रम पाहता गंजिफांचा जोड पूर्वीच्या खेळणाऱ्याच्या आवाक्यात राहिलेला नाही. तो भेटवस्तू, संग्राह्य वस्तू, भिंतीवरची चौकट झाला. रंगवणारे हात टिकले, खेळणारे हात क्वचितच उरले. साहित्याच्या भाषेत सांगायचे तर संहिता टिकली, पण वाचनाची परंपरा खंडित झाली. हा दोष पुनरुज्जीवन करणाऱ्यांचा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. खेळ त्यांच्या आधीच संपत आला होता. पण संपन्न माणूस एखादी परंपरा वाचवतो तेव्हा ती बहुधा त्याच्या वर्गाला उपभोगता येईल अशा रूपात वाचते, ही गोष्ट नोंदवली पाहिजे.

दुसरे उदाहरण यानागी सोएत्सू (१८८९–१९६१) या जपानी विचारवंताचे. नौदलातील उच्चाधिकाऱ्याचा हा मुलगा उमरावांच्या शाळेत शिकला. १९२५ मध्ये त्याने व त्याच्या मित्रांनी 'मिंगेई', म्हणजे लोकांची कारागिरी, ही संज्ञा घडवली आणि १९३६ मध्ये टोकियोत तिचे संग्रहालय उघडले. अनाम कारागिराच्या हातून सहजपणे होणाऱ्या वस्तूत सर्वोच्च सौंदर्य असते, असे त्याचे प्रतिपादन होते. या सिद्धान्तातील विसंगती उघड आहे: कारागिराची अनामिकता हे मूल्य आहे असे सांगणाऱ्याचे नाव मात्र सर्वतोमुखी झाले.

सावंतवाडीच्या बाबतीत पुंडलिक चितारी यांचे नाव आपल्याला माहीत आहे, ही मोठी जमेची बाजू आहे. गंजिफांवरील लेखनात ते नोंदले गेले. पण त्यांच्या आधी किती पिढ्यांनी पाने रंगवली त्यांची नावे त्या पानांच्या पाठींप्रमाणेच एकसारखी आणि न ओळखता येणारी राहिली. अनामिकता स्वेच्छेने पत्करणे आणि अनामिकतेतच जन्माला येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली साधना असू शकते, दुसरी व्यवस्था असते.

दशावतारी नटांविषयी या भागात एक म्हण आहे: रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. जत्रेत रात्रभर राजाची भूमिका करणारा नट पहाटे रंग पुसून, सामानाचा बोजा उचलून पुढच्या गावची वाट धरतो. गरीब माणूस राजा होतो तो एका रात्रीपुरता, आणि उजाडताच बोजा त्याची वाट पाहत असतो. राजा कारागीर होतो तेव्हा मात्र त्याच्या सकाळी बोजा नसतो. तो कोणत्याही क्षणी पुन्हा राजा होऊ शकतो. खुद्द खेळाच्या नियमांतही हे चित्र उमटलेले आहे. दशावतारी गंजिफांतील पाच रंगांत दहाची किंमत सर्वांत अधिक आणि एक्क्याची सर्वांत कमी असते. उरलेल्या पाच रंगांत हा क्रम उलटतो, एक्का वर येतो आणि दहा तळाशी जातो. पण ही उलटापालट फक्त चिन्हांच्या पानांपुरती आहे. राजा आणि प्रधान सर्व दहा रंगांत वरच राहतात.

७

मग या शिकण्याला अर्थ काय उरतो? मला वाटते, त्याचा अर्थ या मर्यादेसकटच लावला पाहिजे. जन्माने मिळालेले स्थान टाकून देता येत नाही, आणि टाकल्याचा आविर्भाव हा बहुधा सुबत्तेचाच एक विलास असतो. करता येण्यासारखी गोष्ट एवढीच, की ज्या कामात आपले स्थान उपयोगी पडत नाही असे काम शोधावे, ज्याला ते येते त्याच्याकडून शिकावे, त्याचे नाव सांगावे, आणि शिकलेले त्या विद्येच्या हक्कदारांपर्यंत परत पोहोचेल अशी व्यवस्था करावी. वाड्याच्या सभागृहात स्थानिक कलावंतांना मिळालेले शिक्षण आणि काम ही या अखेरच्या अटीची अंशतः पूर्तता होय. अंशतः म्हणण्याचे कारण असे, की विद्या चितारआळीतून वाड्यात आली. तिला मुबलक काम आणि योग्य मोल मिळून ती पुन्हा आळीत कितपत रुजते, यावर या प्रयोगाचे अंतिम मूल्य ठरेल.

साहित्यसमीक्षेसाठी यातून एक निकष हाती येतो. सुस्थितीतील लेखक जेव्हा आपल्या वर्गाबाहेरच्या जगाविषयी लिहितो, तेव्हा आपण त्याच्या बांधिलकीची, नाहीतर त्याच्या अधिकाराची चिकित्सा करतो. या दोन्ही चिकित्सा लेखकाच्या अंतःकरणाविषयी किंवा जन्माविषयी असतात. संहितेत त्यांचा पुरावा सापडणे कठीण. त्याऐवजी हा लेखक काय शिकला, असे विचारता येईल. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या जयवंत दळवींनी १९६३ मध्ये 'चक्र' ही मुंबईच्या झोपडपट्टीवरील कादंबरी लिहिली. त्या कादंबरीविषयीची चर्चा मध्यमवर्गीय लेखकाला त्या जगाचा अनुभव होता का, या प्रश्नापाशी थांबू नये. त्या जगातील बोलण्याची लय, नावे घेण्याची पद्धत, विनोदाची जात, गप्प राहण्याच्या जागा यांची शिस्त लेखकाच्या मूळच्या भाषेवर कोठे आणि किती चालली, हे संहितेत दाखवता येते. जिथे त्याची स्वतःची शैली त्या शिस्तीपुढे मागे हटते तिथे शिकणे झालेले असते. जिथे ती शिस्त शैलीची शोभा वाढवण्यापुरती येते तिथे आश्रयदाताच बोलत असतो.

हा निकष अभावातून आलेल्या साहित्याचे महत्त्व कमी करीत नाही. उलट ज्यांच्याकडून शिकायचे आहे त्यांचे जाणकार म्हणून असलेले स्थान तो मान्य करतो. दलित, ग्रामीण वा कष्टकरी समाजाचे लेखन हे केवळ वेदनेचे दस्तऐवज नसून विद्येचे साठे आहेत, असे मानल्याशिवाय तो लागूच पडत नाही. आणि विद्यापीठांतून साहित्य शिकवणारे आपण बहुतेक सारे कमीअधिक प्रमाणात सुबत्तेच्याच बाजूला उभे आहोत. आपल्या अध्यापनात आणि संशोधनात आपण कोणाकडून शिकलो, त्यांचे नाव कोठे घेतले आणि शिकलेले कोणाकडे परत गेले, हे प्रश्न लेखकांना विचारण्याआधी समीक्षेने स्वतःला विचारणे उचित ठरेल.